रायसिनाची जमीन कोणाची?

दिल्लीत रायसिनाच्या टेकडीवर, नॉर्थ ब्लॉक या इंग्रजांनी बांधलेल्या सचिवालयाच्या कमानीवर एक इंग्रजी वाक्य दगडात कोरलेलं आहे. स्वातंत्र्य वरून कुणाच्या पदरात पडत नाही, लोकांनी स्वतःच तिथवर चढावं लागतं, आणि उपभोगण्याआधी ते कमवावं लागतं, असा त्याचा अर्थ. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी जागीच थबकलो. ज्यांनी हिसकावून घेतलं त्यांनीच ‘आधी लायक व्हा’ असं सुनवायचं, तेही आपल्याच मजुरांनी घडवलेल्या दगडावर! म्हणून ‘ही सगळी गुलामीची निशाणी आहे, पुसून टाका’ असं जो म्हणतो त्याचा राग मला कळतो. तो राग खरा आहे, आणि त्याला अडाणी ठरवून हा वाद जिंकता येणार नाही.

पण गेली काही वर्षं हा वाद ज्या पद्धतीने चालला आहे ती मला मान्य नाही. एक बाजू म्हणते, लुटियन्स आणि बेकर या इंग्रज वास्तुविशारदांनी साम्राज्याचा रुबाब दाखवायला नवी दिल्ली उभी केली, तेव्हा त्याची छाप जितकी मिटेल तितकी बरी. दुसरी बाजू म्हणते, हा जगातल्या नगररचनेचा अमोल ठेवा आहे, त्याच्या विटेलाही हात लावू नका. दोघंही घुमटाबद्दल, खांबांबद्दल, रस्त्यांच्या नावांबद्दल भांडतात. किंग्जवेचा राजपथ झाला, 2022 साली राजपथाचा कर्तव्यपथ झाला. पंचम जॉर्जचा पुतळा 1968 मध्येच इंडिया गेटजवळच्या दगडी छत्रीखालून हलवला गेला होता, आता तिथे नेताजी उभे आहेत. हे योग्यच झालं. पण या सगळ्यात जमिनीचा विषय कुणी काढतच नाही. नवी दिल्लीत वसाहतवादाचं मूळ कुठे असेल तर ते तिच्या नकाशात, जमिनीच्या वाटपात आहे. इमारती ठेवाव्यात आणि जमीन मोकळी करावी, असं माझं मत आहे. आज आपण बरोबर उलट करतो आहोत. इमारतींवर तावातावाने बोलतो, आणि जमीन जशी वाटली गेली तशीच ठेवतो.

तो नकाशा कसा आला ते पाहू. 12 डिसेंबर 1911 रोजी दिल्ली दरबारात पंचम जॉर्जने राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला नेत असल्याचं जाहीर केलं. याच दरबारात बडोद्याचे सयाजीराव गायकवाड बादशहासमोर नीट झुकले नाहीत, पाठ फिरवून चालू लागले, म्हणून केवढा गहजब झाला होता! तीन दिवसांत शहराच्या उत्तरेला कोनशिला बसवल्या गेल्या. पुढे स्विंटन, ब्रॉडी आणि लुटियन्स यांच्या समितीने ती जागा नापसंत केली आणि दक्षिणेकडची रायसिनाची टेकडी निवडली. रायसिना, मालचा अशी गावं उठली. टेकडीच्या माथ्यावर व्हाइसरॉयचा वाडा, म्हणजे आजचं राष्ट्रपती भवन, त्याच्या पुढ्यात सचिवालयं, तिथून सरळ पूर्वेला पुराना किल्ल्याच्या रोखाने जाणारा रुंद रस्ता, तोच किंग्जवे. त्या रस्त्याच्या पायथ्याशी, इंडिया गेटच्या षटकोनाभोवती, बड्या संस्थानिकांना भूखंड. सयाजीरावांचं बडोदा हाउसही तिथलंच, लुटियन्सनेच आखलेलं; आज त्यात उत्तर रेल्वेचं मुख्यालय आहे. बड्या साहेबांचे काही काही एकरांचे बंगले दक्षिणेला. हिंदी कारकुनांच्या चाळीवजा क्वार्टर्स उत्तर-पश्चिमेला, गोल मार्केटच्या आसपास. चपराशी आणि सफाई कामगार त्याहून पलीकडे. हुद्दा जितका खाली, तितकं टेकडीपासूनचं अंतर जास्त आणि अंगण लहान. पगारपत्रकच जमिनीवर आखून ठेवलेलं होतं. आणि ज्या मजुरांनी हे सगळं बांधलं, त्यांच्यासाठी नकाशात घरच नव्हतं.

या दिमाखालाही एक खोट राहिली. बेकरने सचिवालयं टेकडीवरच बांधायचा आग्रह धरला आणि रस्त्याचा चढ असा ठेवला गेला, की विजय चौकातून वर चालू लागलं की राष्ट्रपती भवनाचा घुमट हळूहळू बुडत जातो. आधी खांब दिसेनासे होतात, मग घुमटाचा गळा, आणि चढाच्या मध्यावर माथ्यावरचं तांबं तेवढं उरतं. चढ संपल्यावर वाडा पुन्हा समोर येतो. लुटियन्स यावरून बेकरशी कित्येक वर्षं भांडला. 1913 मध्ये त्या आराखड्यावर त्यानेही सही केली होती, पण त्याचा परिणाम फार उशिरा त्याच्या ध्यानात आला. दोन्ही बाजूंच्या पंडितांना हा किस्सा फार आवडतो. स्थापत्यातली ही भांडणं मलाही वाचायला आवडतात. पण घुमट कुठून दिसतो आणि कुठून दिसत नाही, यापेक्षा त्या चढाच्या कुठल्या पायरीवर कुणाला राहू दिलं, हा प्रश्न कितीतरी मोठा आहे.

मी नोकरीनिमित्त दिल्लीत बरीच वर्षं काढली, त्यातली बहुतेक दक्षिण दिल्लीतल्या एका सरकारी क्वार्टरमध्ये. दोन खोल्या, मागे हातभर अंगण, अंगणाबाहेर कडुलिंब. तिथे ओळख सांगायचीच रीत वेगळी. ‘तुम्ही कुठल्या खात्यात?’ याच्या आधी प्रश्न यायचा, ‘कौन सा टाइप मिला?’ टाइप वन म्हणजे शिपाई, टाइप एट म्हणजे मंत्री. मधल्या सगळ्या पायऱ्या प्रत्येकाला पाठ. बढती मिळाली की पेढ्यांआधी अलॉटमेंटचा अर्ज जायचा. 1947 नंतर आपण झेंडा बदलला, राज्यघटना लिहिली, संस्थानं विलीन केली. पण हुद्द्याप्रमाणे जमीन द्यायची ही पद्धत आपण जशीच्या तशी उचलली आणि नव्या वसाहतींतही लागू केली. मग साम्राज्याचा वारसा नेमका कशात राहिला? घुमटात, की त्या अर्जात?

आता विरोधी बाजूचं सर्वांत बळकट म्हणणं घेतो. ते म्हणतात, सत्तेच्या इमारती निर्जीव नसतात. त्या रोज माणसाला त्याची जागा दाखवतात. कोरियाने काय केलं पहा. जपान्यांनी सोलमध्ये कोरियन राजवाड्याच्या आवारातच आपल्या गव्हर्नर-जनरलची प्रचंड इमारत उभारली, 1926 मध्ये. स्वातंत्र्याला पन्नास वर्षं झाली त्या दिवशी, 15 ऑगस्ट 1995 ला, कोरियाने ती पाडायला घेतली. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण हा दाखला दिल्लीला लावायचा तर नीट लावा. तिथे परक्यांनी राजवाड्याच्या उरावर इमारत बसवली होती. दिल्लीत असं कुठे झालं? लाल किल्ल्यात. 1857 नंतर इंग्रजांनी किल्ल्याच्या आतले बहुतेक महाल पाडले आणि गोऱ्या पलटणींसाठी बराकी बांधल्या. त्या बराकी आजही उभ्या आहेत. दर 15 ऑगस्टला आपण त्याच किल्ल्याच्या तटावरून झेंडा फडकवतो, आणि तटाच्या आतल्या बराकींबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. का? कारण 1945 च्या नोव्हेंबरात आझाद हिंद फौजेच्या अधिकाऱ्यांवरचे खटले त्याच किल्ल्यात सुरू झाले आणि सगळा देश तिकडे डोळे लावून बसला. 2019 पासून त्या बराकींत नेताजींचं संग्रहालय आहे. लोकांनी आपला इतिहास तिथे घडवला आणि जागेचा अर्थ बदलला.

रायसिनालाही हेच लागू आहे. नव्या राजधानीचं उद्घाटन 1931 च्या फेब्रुवारीत झालं, आणि आठवडाभरातच, 17 फेब्रुवारीला, गांधीजी वाटाघाटींसाठी व्हाइसरॉयच्या वाड्याच्या पायऱ्या चढले. इंग्लंडमध्ये चर्चिलचा तिळपापड झाला तो याच दृश्यामुळे. ज्या गोल कौन्सिल हाउसला आपण जुनी संसद म्हणतो, तिथे 8 एप्रिल 1929 रोजी भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी बॉम्ब टाकला. तिथेच 9 डिसेंबर 1946 पासून संविधान सभा बसली. 25 नोव्हेंबर 1949 रोजी बाबासाहेब त्याच छताखाली उभे राहून म्हणाले की राजकारणात समता आणि सामाजिक जीवनात विषमता अशा विसंगतीत आपण पाऊल टाकतो आहोत. रत्नागिरीकडचं मूळ असलेले दादासाहेब मावळंकर तिथूनच पहिल्या लोकसभेचे अध्यक्ष झाले. ही इमारत बेकरची की बाबासाहेबांची? आराखडा बेकरचा, पण तिला किंमत आली ती बाबासाहेबांसारख्यांमुळे. याच बेकरने प्रिटोरियात युनियन बिल्डिंग्ज बांधल्या आहेत. 1956 मध्ये वीसेक हजार बायका काळ्यांना पास बाळगायला लावणाऱ्या कायद्याविरुद्ध त्या इमारतीवर चालून गेल्या, आणि 10 मे 1994 रोजी मंडेलांनी तिथेच शपथ घेतली. दक्षिण आफ्रिकेने ती इमारत पाडली नाही, सोडलीही नाही. पुढे तिच्यासमोर मंडेलांचा पुतळा उभारला. आमच्या मुंबईचंच पहा. बोरीबंदरच्या गॉथिक कमानींखालून रोज लाखो लोक लोकलसाठी धावतात. व्हिक्टोरियाचं नाव 1996 साली गेलं, पण स्टेशन त्याच्या कितीतरी आधीपासून आमचं झालेलं होतं.

नव्या संसदेच्या बाजूने बोलणाऱ्यांचाही एक मुद्दा मी मोकळेपणाने मान्य करतो. जुनी इमारत अपुरी पडत होती. पुढे खासदारांची संख्या वाढली तर बसायला जागा नव्हती. 2023 मध्ये नवीन सदन सुरू झालं, त्यात लोकसभेसाठी 888 आसनं आहेत. गरज होती, भागवली. कर्तव्यपथाच्या डागडुजीनंतर तिथे स्वच्छतागृहं आली, दिवे आले, संध्याकाळी माणसांची वर्दळ वाढली, हेही चांगलंच झालं. माझी तक्रार पुढच्या गोष्टीवर आहे. किंग्जवे आणि क्वीन्सवे, म्हणजे आजचे कर्तव्यपथ आणि जनपथ, जिथे एकमेकांना छेदतात तो चौक लुटियन्सने सरकारी कचेऱ्यांसाठी ठेवलाच नव्हता. तिथे दफ्तरखाना, संग्रहालय अशा विद्येच्या संस्था यायच्या होत्या. इंग्रजांच्या काळात त्यातलं दफ्तराचं तेवढं काम झालं, तेच आजचं राष्ट्रीय अभिलेखागार. स्वातंत्र्यानंतर आपण तिथे राष्ट्रीय संग्रहालय बांधलं, इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राला जागा दिली. साम्राज्याच्या नकाशातला हा एक कोपरा खरोखर जनतेचा होत चालला होता. आता कला केंद्राच्या त्या जागेवर मंत्रालयांच्या कचेऱ्या उभ्या राहिल्या आहेत. वसाहतवादाची खूण पुसतो असं म्हणत साहेबांच्या नकाशातली लोकांसाठी ठेवलेली जागाही कचेऱ्यांना द्यायची, हे कुठलं स्वातंत्र्य?

आणि हिरवळीचं काय? 25 ऑक्टोबर 1988 रोजी महेंद्रसिंह टिकैत पश्चिम उत्तर प्रदेशातल्या लाखो शेतकऱ्यांना घेऊन राजपथाच्या कडेच्या बोट क्लबच्या हिरवळीवर येऊन बसले. बैलगाड्या, ट्रॅक्टर, चुली, हुक्के. आठवडाभर तो ‘राजपथ’ एखाद्या गावच्या बाजारासारखा झाला होता. 15 ऑगस्ट 1947 च्या संध्याकाळी इंडिया गेटजवळ इतकी गर्दी लोटली की माउंटबॅटनना बग्गीतून उतरताही आलं नाही, असं आपण अभिमानाने सांगतो. टिकैतांचा तो आठवडा त्या संध्याकाळचाच पुढचा भाग होता. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बोट क्लबवरची निदर्शनं बंद झाली आणि लोकांना जंतरमंतरच्या अरुंद रस्त्यावर ढकललं गेलं. हे इंग्रजांनी केलं नाही, आपल्याच लोकनियुक्त सरकारने केलं, आणि त्यानंतर आलेल्या प्रत्येक पक्षाच्या सरकारने ते तसंच ठेवलं.

वारसाप्रेमी मंडळींशी माझं भांडण वेगळं आहे. त्यांचा सर्वांत मोठा मुद्दा झाडांचा, आणि तो खरा आहे. जांभूळ, कडुलिंब, अर्जुन, चिंच यांच्या त्या रांगा दिल्लीच्या उन्हाळ्यात काय देतात हे मे महिन्यात दुपारी दोन वाजता तिथे चालल्याशिवाय कळत नाही. त्या बंगल्यांची जमीन बिल्डरांच्या हाती गेली तर दिल्ली होरपळेल, हेही कबूल. पण झाडांची ही माया सगळीकडे सारखी असती तर मी हात जोडले असते. 2018 मध्ये सरोजिनी नगर, नेताजी नगर, नौरोजी नगर या कारकुनी वसाहती पाडून उंच इमारती बांधायला सुरुवात झाली आणि हजारो झाडांवर कुऱ्हाड येणार हे कळलं. लोक झाडांना मिठ्या मारून रस्त्यावर उतरले, उच्च न्यायालयाने तोड थांबवली, पुढे आराखडे बदलले. पण तत्त्व तेच राहिलं. शहरात जागा कमी, म्हणून दाटी करायची. दाटी कुणाची? टाइप टूची. टाइप एटचं आवार जसंच्या तसं. कडुलिंब तोच, सावली तीच, पण तो कारकुनाच्या अंगणात असला की ‘विकासाच्या आड’ येतो आणि मंत्र्याच्या आवारात असला की ‘वारसा’ होतो. लुटियन्सचा नकाशा यापेक्षा वेगळं काय सांगत होता?

फाळणीच्या वेळी या नकाशाची खरी कसोटी लागली होती. 1947 च्या शरदात किंग्जवेच्या पूर्व टोकाला, पुराना किल्ल्यात, हजारो निर्वासित तंबूत चिखलात पडले होते. त्याच सरळ रेषेच्या पश्चिम टोकाला 340 खोल्यांचा वाडा, 330 एकरांचं आवार. त्या वेळी बांधकाम खातं आपल्या काकासाहेब गाडगीळांकडे होतं. प्रचंड काम झालं, नव्या वसाहती उभ्या राहिल्या, त्याचं श्रेय कमी करायचं नाही. पण सगळ्या वसाहती बाहेर, शेतजमिनींवर, ओसाड माळांवर. लाखो बेघर माणसं दारात उभी असताना बंगल्यांच्या हिरवळीला धक्का लावायचा विचारही मूळ धरू शकला नाही. एवढा तो नकाशा आपल्या डोक्यात पक्का बसला होता.

तो नकाशा नीट वाचलेला माणूस एकच, गांधीजी. 1946-47 मध्ये दिल्लीत आले की ते मंदिर मार्गावरच्या वाल्मीकी वस्तीत राहत. ज्या सफाई कामगारांना नव्या राजधानीने सर्वांत लांब ठेवलं, त्यांच्या वस्तीत. तिथून रायसिनाचा माथा चालत जेमतेम पाऊण तासावर, पण नकाशाच्या हिशेबाने हुद्द्यांची सगळी शिडी मध्ये उभी. क्रिप्स, पेथिक-लॉरेन्स त्यांना भेटायला तिकडे जात. आणि व्हाइसरॉयच्या वाड्याबद्दल गांधीजींनी काय सुचवलं? पाडा असं ते म्हणाले नाहीत. त्याचं रुग्णालय करा, म्हणाले. घुमटावर त्यांचा राग नव्हताच, त्या जागेत कोण राहतं याच्याशी त्यांना मतलब होता.

हे स्वप्नाळू आहे, सुरक्षेचा प्रश्न येतो, कामकाज कसं चालणार, असं लगेच ऐकवलं जातं. त्यांना मी पुण्याला घेऊन जाईन. गणेशखिंडीत मुंबईच्या गव्हर्नरांचा पावसाळी वाडा होता, उंच मनोरा असलेला. 22 जून 1897 रोजी तिथे व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाचा सोहळा झाला. तो आटोपून परतणाऱ्या रँडवर चापेकर बंधूंनी याच रस्त्यावर गोळी झाडली. पुणेकरांना या वाड्याइतका द्वेष दुसऱ्या कुठल्या इमारतीचा वाटला असेल? 1949 मध्ये पुणे विद्यापीठ स्थापन झालं, बॅरिस्टर मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू झाले, आणि तो वाडा, भोवतालच्या चारशेहून अधिक एकरांसह, विद्यापीठाला मिळाला. मनोरा तसाच राहिला, बागेतले वडही राहिले. ज्या दालनांत गव्हर्नरच्या मेजवान्या झडायच्या तिथे विद्यापीठाचा कारभार सुरू झाला, आणि सातारा-सोलापूर-नगरकडची पोरं एसटीने येऊन त्या वडाखाली बसून अभ्यास करू लागली. माझे वडील त्यांतलेच एक. ते त्या वाड्याला कधी ‘गव्हर्नरचा बंगला’ म्हणाले नाहीत. म्हणायचे, ‘आमची मेन बिल्डिंग’.

दिल्लीतही हे जमलं आहे, तुरळक का होईना. तीन मूर्ती भवन रॉबर्ट टॉर रसेलने सरसेनापतीसाठी बांधलं होतं. नेहरूंनंतर तिथे संग्रहालय आणि ग्रंथालय झालं आणि देशभरचे संशोधक तिथे बसून वाचू लागले. राष्ट्रपती भवनाची बाग वर्षातून काही आठवडे उघडते तेव्हा रांगा लागतात. मग सुमारे हजार बंगल्यांतले शंभर तरी ग्रंथालयांना, दवाखान्यांना, मुलींच्या वसतिगृहांना का देता येऊ नयेत? एक झाड न तोडता, एक मजला न चढवता. आवाराच्या भिंती कमरेएवढ्या करून पायवाटा खुल्या का करता येऊ नयेत? नॉर्थ आणि साउथ ब्लॉकचं संग्रहालय होणार आहे, तर कमानीवरचं ते उद्दाम वाक्य तसंच राहू द्यावं, आणि त्याच्याखाली शाळेतल्या पोरांना 25 नोव्हेंबरचं भाषण वाचून दाखवावं. मंत्र्यांना फ्लॅट पुरतो. न्यायाधीशांना, सचिवांनाही पुरेल. ज्या देशात कारकुनाला दहाव्या मजल्यावर पाठवलं जातं तिथे साहेबाने चौथ्या मजल्यावर राहायला हरकत कसली?

आणि हे सगळं व्हायला वर्षं लागतील असं कुणी म्हणालं, तर एक गोष्ट उद्या सकाळी करता येण्यासारखी आहे. परवा संध्याकाळी कर्तव्यपथावर होतो. एक कुटुंब चादर पसरून बसलं होतं, आजी डब्यातून पुऱ्या वाढत होती, धाकटा कुल्फीच्या गाडीकडे पळत होता. अंधार पडला तशी शिट्टी वाजली, ‘चलिए, चलिए’. आजीने डबा बंद केला, चादर झटकली आणि सगळे मुकाट्याने उठले. त्या हिरवळीवर रात्रभर बसायचा, सभा घ्यायचा, मागणी करायचा हक्क नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत या देशातल्या माणसाला होता. बोट क्लब अजून तिथेच आहे. बंदीचा तो आदेश मागे घ्या.